कुलूप आधी गेलं

सोमवार, १३ जानेवारी २०२५. सकाळी ६:४०.

ऑफिसच्या मागच्या दारापुढचा बर्फ फावड्याने ओढून झाला. हातमोजे हीटरवर वाळत घातले आणि ही वही उघडली. बर्फ ओढणं माझं काम नाही. पण सगळ्यांच्या आधी मीच येतो आणि दार उघडत नाही, म्हणून ते माझं झालं आहे.

वही लिहायची, कारण शुक्रवारी मार्लिसने नव्या सेटिंगचं काम माझ्या हाती दिलं. मार्लिस पेल्टो ही आमच्या संस्थेची संचालक. आमच्या अडतीस नर्सेस हॅन्कॉकपासून वर कॉपर हार्बरपर्यंत आणि खाली लान्सपर्यंत घरोघरी जातात. जखमा बांधतात, औषधं देतात, साखर तपासतात. प्रत्येकीजवळ एक टॅबलेट, त्यात रोग्यांचे कागद. आतापर्यंत हे टॅबलेट मिळेल त्या नेटवर्कवर चालायचे. रोग्याच्या घरचं, वाचनालयातलं, पेट्रोलपंपावरचं, कुठलंही. विमा कंपन्यांनी आता सांगितलं आहे की १० फेब्रुवारीच्या सकाळपासून सगळं आमच्या स्वतःच्या बंद वाटेनेच गेलं पाहिजे. नाही गेलं तर त्या दिवसापासूनच्या भेटींचे पैसे मिळणार नाहीत.

ती बंद वाट टॅबलेटमध्ये बसवायची, आणि तीही नर्सेसना ऑफिसात न बोलावता, इथूनच, एकदम अडतीस ठिकाणी. ह्यापूर्वी मी असलं काही केलेलं नाही. पुस्तिका दोनदा वाचली आहे.

नव्वद दिवसांच्या कच्च्या नोकरीचा आज छप्पन्नावा दिवस. कायम करायचं की नाही ते १४ फेब्रुवारीला सांगतील. कॉलेज तिसऱ्या सत्रात सोडलं. हार्डवेअरच्या दुकानात चार महिने, शाळेच्या गोदामात पाच. सगळं अर्धवट. आता चौथं अर्धवट परवडणार नाही. पैशांबद्दल म्हणत नाहीये.

बुधवार, १५ जानेवारी.

व्हर्ना टेर्वो आली. वय त्रेसष्ट, नर्स म्हणून एकतीस वर्षं. बूट दाराशी न काढता थेट माझ्या टेबलापर्यंत. टॅबलेटची काच एका कोपऱ्यात फुटलेली, त्याला रबरबँड लावलेला, आणि सगळ्याला कुत्र्याचा वास.

"हा मला आत घेत नाही," ती म्हणाली.

"पासवर्ड विसरलात का?"

"मी नाही विसरले. तो मला विसरलाय."

पहिल्यापासून सांगितलं. नोव्हेंबरपासूनची ही तिसरी वेळ. मी बोलत असताना ती एका छोट्या हिरव्या वहीत काहीतरी लिहीत होती. पासवर्ड लिहीत असावी म्हणून मी म्हटलं, पासवर्ड कागदावर लिहायचा नसतो. "पासवर्ड नाही लिहीत," म्हणाली आणि वही खिशात घातली. मग काय लिहीत होती?

जाताना टेबलावर एक पेस्टी ठेवून गेली. फडक्यात गुंडाळलेली, गरम, कणकेच्या भाजलेल्या घडीत मांस आणि सलगम. म्हणाली, घरी जास्त झाली. एकटी राहणाऱ्या बाईकडे पेस्टी जास्त कशी होते?

बुधवार, २२ जानेवारी.

चाचणी झाली. ऑफिसच्या कपाटातले पाच राखीव टॅबलेट घेतले. नव्या सेटिंगचे दोन भाग आहेत. एक किल्ली, म्हणजे टॅबलेटला आमच्या बंद वाटेवर आत घेणारी छोटीशी फाइल. आणि एक कुलूप, म्हणजे बाकीच्या सगळ्या वाटा बंद करणारं सेटिंग. गेल्या आठवड्यात पाचांना किल्ली पाठवून पाहिली होती, ती बसली. आज कुलूप पाठवलं, तेही बसलं. तीनदा पुसून तीनदा पाठवलं, त्याच पाचांवर, म्हणजे तुलना सरळ राहते. तिन्ही वेळा पाचही हिरवे. तक्ता करून मार्लिसच्या टेबलावर ठेवला.

व्हर्ना मागे उभी होती, केव्हा आली कळलं नाही.

"माझा घे की चाचणीला."

"तुमचा फुटलाय. निकाल शंकास्पद ठरेल."

"अरे, म्हणूनच घे. हे पाच कपाटात उबेत बसून दूध पिणारे. माझा बाहेर राबतो."

मी म्हटलं, चाचणी नेहमी स्वच्छ परिस्थितीत करावी. हे पुस्तिकेत आहे. तिने हिरवी वही काढली आणि दोन ओळी लिहिल्या. ह्या वेळी माझ्याकडे बघून.

आता शंका उरलेली नाही. ती माझ्या तक्रारी लिहून ठेवते आहे.

सोमवार, २७ जानेवारी.

मार्लिसने जाता जाता विचारलं, "रूबेन, तुला मीडियम लागतं की लार्ज?" मीडियम म्हटलं. तिने लिहून घेतलं. कशासाठी ते सांगितलं नाही. कदाचित आग लागली तर घालायच्या पिवळ्या बंड्यांची मोजणी असेल.

शुक्रवार, ३१ जानेवारी.

नर्सेससाठी सूचनापत्र लिहिलं. चार पानं झालं. प्रत्येक शब्द शब्दकोशात तपासला, एक स्वल्पविराम दोनदा काढून दोनदा घातला. मार्लिसने त्याच्या सहा ओळी केल्या. "रूबेन, ह्या बाया दिवसाला तीन घरं बर्फातून करतात. चार पानं वाचायला त्यांना निवृत्तच व्हावं लागेल." सहा ओळीच बऱ्या आहेत हे मान्य करतो.

वेळ ठरवली: शुक्रवार, ७ फेब्रुवारी, दुपारी साडेचार. त्या वेळी नर्सेस कामं आटोपून घरी पोचलेल्या असतात, टॅबलेट चार्जिंगला लागलेले असतात.

व्हर्नाने पत्र वाचलं. "शुक्रवारी? आमचे आजोबा शुक्रवारी तलावात बोट सोडत नसत."

"शुक्रवारी कोणाच्या कामात अडथळा येणार नाही."

"आणि बिघडलं तर कोणी मदतीलाही येणार नाही." मग हिरवी वही.

पेस्टी पुन्हा जास्त झाली होती.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी.

सगळं वेळेसकट लिहितो, कारण नंतर मला आठवेल ते मला सोयीचं असेल.

४:३० कुलूप पाठवलं.
४:३४ अडतीसपैकी अडतीस ठिकाणी पोचलं. मी खुर्चीतून उठलो. टाळीही वाजवली, एकदाच. ऑफिसात कोणी नव्हतं.
४:४१ किल्ली पाठवली.
४:४५ किल्ली पोचली: शून्य.
५:०० शून्य.
५:१० प्रत्येक टॅबलेटशी शेवटचा संपर्क: ४:३४ किंवा ४:३५.

५:२० ला ज्यांची ही प्रणाली आहे त्या कंपनीला फोन केला. तिकडचा माणूस सावकाश बोलणारा होता. त्याने विचारलं, "किल्ली आधी पाठवली होती ना?"

"पाचांना पाठवली होती. तीन आठवड्यांपूर्वी, चाचणीसाठी."

त्याने काहीतरी टाइप केलं. मग म्हणाला, "मग ते पाच छान चालत असतील."

ते पाच कपाटात छान चालत होते. तीनदा पुसलं म्हणून मी समजत होतो की ते कोरे झाले, आणि कुलूप आधी गेलं तरी चालतं. सेटिंग पुसलं जात होतं. किल्ली आतच राहत होती. त्या पाचांच्या खिशात किल्ली आधीच होती, म्हणून त्यांना कुलूप लागलं तरी फरक पडला नाही. बाकी अडतीसजणांकडे कुलूप आधी गेलं. कुलपाने सगळ्या वाटा बंद केल्या. आणि किल्ली त्याच वाटांनी जाणार होती.

व्हर्नाचा टॅबलेट २२ तारखेला घेतला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं.

"इथून काही करता येईल?" मी विचारलं.

"नाही. प्रत्येकाला केबल लावून हाताने किल्ली घालावी लागेल. किती आहेत?"

"अडतीस."

"एकाच इमारतीत?"

मी भिंतीवरच्या नकाशाकडे बघितलं. आमच्या नर्सेस नव्वद मैलांच्या पट्ट्यात राहतात, आणि बाहेर बर्फ पडायला लागला होता.

५:५० ला मार्लिसला फोन केला. तिने शांतपणे ऐकून घेतलं. शनिवार-रविवारच्या एकोणीस भेटी आहेत. ती स्वतः ऑफिसच्या संगणकासमोर बसून नर्सेसना फोनवर कागद वाचून दाखवील. पण सोमवारी एकशे बारा भेटी आहेत. त्या फोनवर होणार नाहीत, आणि विम्याची मुदतही सोमवारीच. मग म्हणाली, "कंपनीने घोळ घातला का?"

मी म्हटलं, "बघतोय मी."

खोटं बोललो नाही. खरंही बोललो नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी. व्हर्नाच्या ट्रकमध्ये, ती पेट्रोल भरते आहे तेवढ्यात.

सकाळी ६:०५ ला दारावर थाप. बाहेर व्हर्ना, तिच्या ट्रकला पुढे बर्फ ढकलायचं पातं लावलेलं. मी तिला बोलावलं नव्हतं, मार्लिसने फोन केला असणार.

"चल."

"माझी गाडी आहे."

"तुझी ब्यूक आहे. ती गाडी नव्हे. ती उतारावरून खाली जाईल, वर येणार नाही. लॅपटॉप घे. केबल घे. आणि ह्या पायमोज्यांवर दुसरे पायमोजे घाल."

वाटेत दुकान उघडल्यावर दोन केबल घेतल्या. एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून.

तोच दिवस, दुपारी ४:२०.

अकरा झाले. टॅबलेटला केबलने अकरा मिनिटं लागतात. पण घराला पाऊण तास लागतो. बूट काढायचे, कॉफी घ्यायची, वेलदोड्याचा पाव नको म्हणायचा, मग खायचा, गुडघ्याची चौकशी करायची. मी मध्येच घड्याळ बघितलं की व्हर्ना टेबलाखालून माझ्या नडगीवर पाय मारायची.

प्रत्येक घरात ती दारातूनच सांगायची, "त्या कंपनीने घोळ घातलाय, हा बिचारा निस्तरतोय." आणि थांबायची. माझ्याकडे बघायची. मी केबल शोधायला लागायचो.

अकरा घरं, अकरा वेळा.

लॉरियमच्या रस्त्यावर तिने विचारलं, "कॉलेज का सोडलंस?"

खरं कोणाला सांगितलेलं नाही. तिला सांगितलं. रस्त्याकडे बघत होती म्हणून सोपं गेलं. तिसऱ्या सत्राच्या परीक्षेला गेलो होतो. गाडी लावली, आणि गाडीतच बसून राहिलो. दोन तास चाळीस मिनिटं. पेपर येत होता, अभ्यास झाला होता. पण एक प्रश्न चुकला तर, ह्या विचाराने दार उघडेना. सगळे बाहेर आले तेव्हा मी घरी गेलो.

वाटलं होतं काही समजावील. ती म्हणाली, "हीटर तुझ्याकडे वळव, तुझं नाक निळं झालंय."

अजून सत्तावीस बाकी. घराला पन्नास मिनिटं धरली तर साडेबावीस तास. आणि उद्या संध्याकाळी साडेसहाला फुटबॉलचा अंतिम सामना. त्यानंतर ह्या भागात कोणी दार उघडणार नाही. हिशोब तिला दाखवला.

"तू घरं मोजतोयस," ती म्हणाली. "माणसं मोज. उद्या आमच्या टोइव्होलाच्या अग्निशमन दलाचा पॅनकेकचा नाश्ता आहे. तिथे सगळे येतातच. टॅबलेट घेऊन या म्हटलं की झालं."

मी म्हटलं, हे तुम्ही सकाळी का नाही सांगितलंत?

"सकाळी तू ऐकायच्या तयारीत नव्हतास. तुझ्याकडे तक्ता होता."

आता फोनवर फोन चालले आहेत. संवाद असा: "हॅलो. उद्या पॅनकेक. टॅबलेट आण. नाही, नवऱ्याला नाही आणलंस तरी चालेल."

रविवार, ९ फेब्रुवारी. रात्री १०:३०, घरी.

आगीचे बंब बाहेर बर्फात काढले होते आणि त्यांच्या जागी लांब टेबलं. पंचवीस नर्सेस आल्या. सोबत नवरे, पोरं, एक सासू. मार्लिस ऑफिसचा दुसरा लॅपटॉप घेऊन आली, म्हणजे दुसऱ्या केबललाही काम मिळालं. पण चालवणार कोण? व्हर्ना समोर बसली आणि हिरवी वही उघडून ठेवली. काल माझ्याकडे बघून तिने सगळ्या पायऱ्या लिहून घेतल्या होत्या, एकीखाली एक, नऊ ओळींत. माझ्या पुस्तिकेत त्याला सहा पानं लागली आहेत. मला तेवढंच पान दिसलं. मागची पानं तिने अंगठ्याखाली धरली होती.

मग ती उठली, चमच्याने कपावर टणटण केलं आणि म्हणाली, "ऐका गं! कंपनीने घोळ घातलाय, म्हणून—"

आणि थांबली. बाराव्यांदा. माझ्याकडे बघितलं.

माझे हात ओले झाले होते. गाडीत बसलो होतो तेव्हा झाले होते तसे. पण इथे गाडी नव्हती, आणि दार तर आधीच उघडं होतं.

मी म्हटलं, "कंपनीने नाही. मी." आवाज बारीक आला म्हणून पुन्हा म्हटलं. "चूक माझी आहे. किल्ली आधी पाठवायची असते, मी कुलूप आधी पाठवलं. चाचणी घेतली ती ज्यांच्याकडे किल्ली होती त्यांच्यावरच घेतली. मार्लिस, शुक्रवारी तुम्ही विचारलंत तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही."

तव्यावरचं लोणी चरचरत होतं. मग लेक लिंडनची एक नर्स म्हणाली, "म्हणजे गाडीला कुलूप घातलंस आणि किल्ली आत?"

"उलट. किल्ली बाहेर राहिली आणि गाडीच—"

"समजलं, समजलं. आमच्या ह्यांनी हे तीनदा केलंय. त्यांना कोणी कामावरून काढत नाही, हेच तर दुःख."

"मी इथेच बसलोय," तिचा नवरा म्हणाला.

"माहीत आहे, म्हणून तर मोठ्याने बोलले. सिरप दे इकडे."

सगळे हसले. मार्लिस हसली नाही. कॉफीचा कप दोन्ही हातांत धरून माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "हे सगळं लेखी दे. सोमवारी. आता काम कर." तिच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही. वाईटच असणार.

१:१० पर्यंत पंचवीस झाले. माझे पंधरा, व्हर्नाचे दहा. तिचा एकही पुन्हा करावा लागला नाही.

उरले दोन. एक कोलेट गान्योचा. ती कॉपर हार्बरला राहते, पट्ट्याच्या अगदी वरच्या टोकाला, आणि तिकडे जाणारा रस्ता वाऱ्याने बर्फ आणून बंद केलेला. दुसरा व्हर्नाचा स्वतःचा. मी म्हटलं तुमचा आत्ता करू. "माझा शेवटी. माझं काही अडत नाही, मला माझे रोगी पाठ आहेत."

कॅल्युमेटच्या पुढे एका वळणावर व्हर्नाने ट्रक थांबवून वाट बघितली. अर्ध्या तासाने सरकारी बर्फगाडी आली. ड्रायव्हर लेनर्ड, त्याच्या आईचा पाय गेल्या वर्षी व्हर्ना रोज बांधायची. त्याने काच खाली केली.

"रस्ता बंद आहे, व्हर्ना."

"तुझ्या मागचा तर उघडा आहे ना?"

त्याने टोपी डोळ्यांवर ओढली. "मी मागे बघत नाही," म्हणाला आणि काच वर केली. ताशी वीस मैल, दोन तास, पुढे फक्त त्याचे केशरी दिवे.

५:४५ ला कोलेटकडे. घरात सामन्यासाठी माणसं जमली होती, तिखट घेवड्याचं मोठं पातेलं चुलीवर. अकरा मिनिटं. सदतीस.

मग व्हर्नाचा. केबल लावली, काही नाही. दुसरी लावली, काही नाही. काचेमुळे असणार, मी म्हटलं. मग विजेरी धरून केबलच्या भोकात बघितलं. कुत्र्याचे केस, घट्ट बोळा. कोलेटच्या दात कोरायच्या काडीने काढला. बाहेरच्या खोलीत सामना सुरू झाल्याचा आरडाओरडा झाला, तेव्हा पडद्यावर हिरवा ठिपका आला. ६:३८. अडतीस.

"स्वच्छ परिस्थिती," व्हर्ना म्हणाली, आणि केसांचा बोळा माझ्या तळहातावर ठेवला.

सोमवार, १० फेब्रुवारी.

सकाळी ६:०० वाजता अडतीस हिरवे. एकशे बारा भेटी झाल्या. एक टॅबलेट नऊ मिनिटं बंद पडला, पण त्याची बॅटरी संपली होती, तो माझा दोष नाही. तपासलं.

अहवाल दिला. दोन पानं. पहिलं वाक्य: चूक माझी आहे. हे वाक्य चार वेळा लिहिलं. आधीच्या तिन्हींत "परंतु" होतं.

बुधवार, १२ फेब्रुवारी.

कोणी काही बोलत नाही. मार्लिसच्या खोलीत एक मोठं खोकं आलं आहे. माणूस गेल्यावर त्याचं सामान घालून द्यायला असंच खोकं वापरतात.

व्हर्ना आली. पासवर्ड. चौथी वेळ. मला दोन रात्री झोप नाही. तरी पहिल्यापासून सांगितलं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी.

दहा वाजता मार्लिसने बोलावलं. आत व्हर्नाही बसली होती, हिरवी वही मांडीवर. मला वाटलं, आता तक्रारी वाचणार. एका अर्थाने वाचल्याच.

आमच्याकडे नव्या माणसाचा अहवाल संचालक लिहीत नाही. ज्यांच्यासाठी तो काम करतो त्यांच्यातली एक जण नव्वद दिवस लिहिते, आणि कोण लिहिते ते त्याला सांगत नाहीत. हे नियमपुस्तकाच्या तेविसाव्या पानावर आहे. ते पान मी वाचलं होतं. त्याखाली रेघही मारली होती.

व्हर्नाने चष्मा लावला आणि वाचलं. जेवढं आठवतं तेवढं:

"दाराचा बर्फ रोज तो काढतो. कोणी सांगितलेलं नाही.
पासवर्ड तिसऱ्यांदा विचारला. पहिल्यापासून सांगितलं. उसासा टाकला नाही.
दुपारी जेवत नाही. बघितलं पाहिजे.
चाचणीला माझा टॅबलेट घेतला नाही. घ्यायला हवा होता. त्याला स्वच्छ गोष्टी आवडतात, आमचं काम स्वच्छ नसतं. शिकेल.
शुक्रवारी बोट सोडतोय. ऐकत नाही.
बुडाली.
शनिवारी अकरा वेळा गप्प. रविवारी बोलला. मी ढकललं नाही, फक्त दार धरलं.
पासवर्ड चौथ्यांदा. डोळे लाल होते. उसासा नाही."

तिने वही मिटली. "ठेवावा," म्हणाली.

मार्लिसने खोक्यातून निळं जॅकेट काढलं. आतून लोकरीचं, छातीवर संस्थेचं नाव आणि खाली शिवलेलं: रूबेन लाहती. मीडियम. कायम झालेल्यांनाच देतात. सत्तावीस जानेवारीला मागवलेलं, म्हणजे चुकीच्या आधीचं. मी म्हटलं, त्यानंतर जे झालं ते बघता ते परत करणं योग्य होईल का? मार्लिस म्हणाली, "रूबेन, त्यावर तुझं नाव शिवलंय. दुसऱ्या कोणाला घालू? जा, काम कर. आणि पुढच्या वेळी विचारलं की लगेच सांग."

बाहेर आल्यावर व्हर्नाला विचारलं, तुमच्यासाठी एखादा सोपा पासवर्ड करून देऊ का, म्हणजे पुन्हा विसरायला होणार नाही. "नको," ती म्हणाली, "आता आठवेल." नव्वद दिवस आठवला नाही तो आज एकदम कसा आठवेल, कळत नाही. पुढच्या बुधवारी तिची वाट बघावी लागेल.

हिशोब, शनिवार-रविवार:

केबल दोन: २७ डॉलर ९८ सेंट. पावती जोडली, संस्थेकडून येणे.
पेट्रोलपंपावर कॉफी दोन, पेस्टी दोन: १९.४०. मागणार नाही.
अग्निशमन दलाच्या देणगीच्या डब्यात: २०. मागणार नाही.
एकूण खर्च: ६७.३८.

देणे:
व्हर्नाला पेट्रोलचे ४१ डॉलर. पाकीट दोनदा दिलं, दोनदा माझ्याच टेबलाच्या खणात सापडलं. दुसऱ्या वेळी त्यात पेस्टीही होती.
लेनर्डला कॉफी एक. त्याने मागे बघितलेलं नाही, म्हणून कशाबद्दल ते सांगायचं नाही.
कोलेटला दात कोरायची काडी एक.
व्हर्नाला, ह्यापुढच्या प्रत्येक नव्या सेटिंगची पहिली चाचणी, सगळ्यांच्या आधी, तिच्या टॅबलेटवर, केसांसकट. बाकी.